मोटरहोमने आइसफील्ड्स पार्कवे: आधी मुक्कामाची जागा, मग गाडी

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून सहाजणांचं कुटुंब सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कॅनडात येणार आहे: नवरा-बायको, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आणि सत्तरीतले आई-बाबा. कॅल्गरीत तीस फुटी मोटरहोम, म्हणजे पलंग, ओटा आणि बाथरूम असलेली गाडी, भाड्याने घ्यायची, आइसफील्ड्स पार्कवे या डोंगरातल्या रस्त्याने जॅस्परला जायचं आणि पाच दिवसांत परतायचं. एवढी मोठी गाडी घाटात झेपेल का, आपलं लायसन्स चालेल का, गाडीत रोजचा स्वयंपाक होईल का, आई-बाबांना थंडी सोसेल का, आणि हे सगळं हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल का?

भाड्याच्या मोटरहोम ग्राहकांच्या ताब्यात देणं आणि परत घेणं हे माझं कॅल्गरीतलं बऱ्याच वर्षांचं काम. निघताना लोकांना कशाची धास्ती असते आणि परतताना गाडीवर काय उमटलेलं असतं, हे दोन्ही रोज बघतो. त्यामुळे सरळ सांगतो: तुम्हाला भीती वाटतेय ती रस्त्याची, पण रस्ता सोपा आहे. अडचण येते ती गाडी थांबवताना. दिवसा पार्किंगमध्ये आणि रात्री मुक्कामाला. तुमच्या बेतात गाडी ठरली आहे, विमान ठरत आलंय आणि कॅम्पग्राउंडचा, म्हणजे रात्री गाडी लावून राहायच्या जागेचा, उल्लेखही नाही. क्रम उलटा करा.

रस्त्याचं आधी संपवतो. आइसफील्ड्स पार्कवे म्हणजे लेक लुईझ ते जॅस्पर २३२ किलोमीटर, हायवे ९३ नॉर्थ. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला आणि १९४० मध्ये खुला झाला. आजचा रुंद, डांबरी रस्ता १९६०च्या सुमाराचा. मालवाहू ट्रकना बंदी आहे, वेगमर्यादा ताशी ९० आणि कडेला ऐसपैस पट्टा. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरलेल्या माणसाला इथली वळणं वळणं वाटणार नाहीत. चढ मोठे दोनच: बो समिट, सुमारे २,०७० मीटर, आणि सनवाप्टा खिंड, २,०३५ मीटर. खिंडीच्या दक्षिणेला ‘बिग बेंड’ नावाचं एक भलंमोठं वळण आहे, तेवढंच काय ते घाटाची आठवण करून देणारं.

चढापेक्षा उताराकडे लक्ष द्या. भरलेली मोटरहोम पाच-सहा टनांची असते. खिंडीच्या दोन्ही बाजूंना लांब उतार आहेत आणि नवखा माणूस ते ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. मग खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून वास यायला लागतो. बहुतेक भाड्याच्या गाड्यांत गिअरच्या दांड्याच्या टोकाला ‘टो-हॉल’ लिहिलेलं बटण असतं. उतार लागण्याआधी ते दाबा. गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये राहते आणि इंजिनच तिला धरून ठेवतं. इंजिनाचा आवाज वाढला की बाबा मागून ‘काय झालं?’ विचारतील. काही झालेलं नसतं. ब्रेक मध्येमध्ये ठामपणे दाबून सोडायचे, सतत घासत ठेवायचे नाहीत. मागे गाड्यांची रांग लागली तर पुढच्या मोकळ्या जागी बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या. इथे त्यात कमीपणा नसतो.

लायसन्स इंग्रजीत छापलेलं असेल तर मोठी अडचण नाही, तरी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढूनच या. वर्षभर चालतं आणि भाड्याच्या खिडकीवरचे प्रश्न कमी होतात. चालकाच्या किमान वयाची आणि अनुभवाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी असते, ती करारात वाचा. गाडी उजव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग डावीकडे. पहिले दोन तास हात खिडकीकडे गिअर शोधतात, मग सवय होते.

आता गाडीची लांबी. सहाजण म्हणून तीस फूट, हा हिशेब झोपण्याच्या जागेचा झाला. मी तुम्हाला पंचवीस ते अठ्ठावीस फुटांच्या पलीकडे जाऊ नका असं सांगेन. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर मुलं (शिडी चढायला त्यांना आवडतंच), मागच्या कायमच्या पलंगावर आई-बाबा, आणि तुम्ही दोघं जेवणाचं टेबल मोडून होणाऱ्या पलंगावर. रोज रात्री टेबल मोडायचं आणि सकाळी उभं करायचं हे कंटाळवाणं आहे, यावरून नवरा-बायकोत कुरबुरी होतात, पण चालून जातं. लांब गाडीला मात्र पर्यटनस्थळांच्या पार्किंगमध्ये ठरावीक चार-सहाच जागा असतात आणि कॅम्पग्राउंडच्या निम्म्याअधिक जागा तिला बसतच नाहीत. उदाहरणार्थ, अथाबास्का हिमनदीच्या जवळचं विलकॉक्स कॅम्पग्राउंड: चढाचं, अरुंद आणि लांब गाड्यांना अयोग्य. त्याच्या शेजारचं तर फक्त तंबूंसाठी आहे.

शिवाय लांब गाडीचा मागचा भाग चाकांच्या मागे बराच बाहेर असतो. पुढचं टोक डावीकडे वळलं की मागचा उजवा कोपरा उजवीकडे फेकला जातो. पेट्रोल पंपावर हे हमखास घडतं. पंपाच्या मशीनपाशी जमिनीत पिवळे लोखंडी खांब रोवलेले असतात. पेट्रोल भरून झालं, ड्रायव्हर समोर बघत पटकन डावीकडे काढतो आणि मागून ‘करकर’ असा आवाज येतो. परत येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर मला सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो हाच पिवळा रंग. उपाय साधा आहे. पंपापासून आधी एक गाडीभर सरळ पुढे या, आरशात गाडीचा मागचा कोपरा खांबाच्या पुढे गेलेला दिसू द्या, मगच वळा. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचंच, आणि ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी. उंचीचंही भान ठेवा: साडेतीन मीटरहून जास्त. मॉलचं बंदिस्त पार्किंग आणि ड्राइव्ह-थ्रूचं छप्पर तुमच्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट भारतातून येणाऱ्या जवळपास प्रत्येक कुटुंबाला सांगावी लागते. गाडी चालू असताना मागे कोणी आडवं पडायचं नाही, चहा करायचा नाही, बाथरूमला जायचं नाही. प्रत्येकाला सीट आणि सीटबेल्ट हवा. करार करण्याआधी पलंग किती हे विचाराल तसे बेल्ट किती हेही विचारा. आणि आई-बाबांना ज्या सीटवर बसवणार ती प्रत्यक्ष बघा. टेबलाच्या बाकावर पाठ ताठ ठेवून तासन्‌तास बसणं सत्तरीत सोपं नाही. आलटूनपालटून एकाला पुढच्या सीटवर बसवा.

मुक्कामाचं बघू. बॅन्फ आणि जॅस्पर ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं, त्यामुळे दृश्य चांगलं आहे म्हणून कुठेही कडेला गाडी लावून झोपता येत नाही, दंड होतो. कॅम्पग्राउंडचं आरक्षण पार्क्स कॅनडा या उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर होतं आणि त्या हंगामासाठी हिवाळ्यातच खुलं होतं. चांगल्या जागा पहिल्या काही दिवसांत जातात. तुमच्यासाठी मी तीन ठिकाणं धरीन: बॅन्फला टनेल माउंटन, लेक लुईझला मोटरहोमसाठीचं वेगळं कॅम्पग्राउंड आणि जॅस्परला व्हिसलर्स. तिन्हीकडे विजेची जोडणी असलेल्या जागा मिळतात आणि अंघोळीची सोय आहे. वीज हवीच, कारण पुढे सांगतो. मधल्या पार्कवेवर वॉटरफाउल लेक्स, रॅम्पार्ट क्रीक, मॉस्किटो क्रीक अशी साधी कॅम्पग्राउंड आहेत. झाडीतली आणि देखणी, पण वीज नाही, अंघोळ नाही, आणि सप्टेंबर कलायला लागला की ती एकामागून एक बंद होतात. आई-बाबा बरोबर नसते तर मी तिथेच राहा म्हटलं असतं.

पाच दिवस? जॅस्परपर्यंत जायचं असेल तर नाही. पहिला दिवस गाडी ताब्यात घेण्यात, ती समजून घेण्यात आणि किराण्यात जातो. त्या दिवशी बॅन्फच्या पुढे जाऊ नका, तेही १३० किलोमीटरच्या आसपास होतं. शेवटचा दिवस सकाळीच परत देण्याचा. मधे उरतात तीन. तेवढ्यात जॅस्पर गाठून परत यायचं म्हणजे काचेतून बघत गाडी हाकायची. सात रात्री काढा: बॅन्फ एक, लेक लुईझ दोन, जॅस्पर दोन, परतीला लेक लुईझ किंवा बॅन्फ एक आणि शेवटची कॅल्गरीच्या जवळ. पाचच दिवस असतील तर माझं स्पष्ट मत आहे, जॅस्पर सोडा. लेक लुईझला मुक्काम ठेवून एक दिवस अथाबास्का हिमनदीपर्यंत जाऊन या, साधारण १३० किलोमीटर जायला आणि तेवढंच यायला. या रस्त्यावरचं उत्तमातलं बरंचसं त्याच टप्प्यात आहे.

त्या दिवशी लवकर निघा. कारण असं की रस्ता मुख्य पर्वतरांगेच्या पूर्व पायथ्याने जातो आणि बहुतेक हिमनद्या रस्त्याच्या पश्चिमेला, पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळी त्यांच्यावर समोरून ऊन असतं, दुपारनंतर त्या सावलीत काळवंडतात. बो लेकला पहिला थांबा घ्या; वारा सुटण्याआधी पोचलात तर पाणी स्थिर असतं. मग पेटो लेक. पार्किंगपासून दहा-पंधरा मिनिटांचा पक्का पण चढाचा रस्ता आहे, आई-बाबांना सावकाश नेता येईल. त्या पाण्याचा निळा-हिरवा रंग मुलं विचारतीलच: हिमनदी खाली सरकताना खडक घासते, त्याची पिठासारखी पूड पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाशातला तेवढाच रंग परत फेकते. पुढे मिस्टाया कॅन्यन थोडक्यात बघून होतं. सनवाप्टा खिंडीशी बॅन्फची हद्द संपून जॅस्परची सुरू होते. खिंडीच्या दक्षिणेला पडलेलं पाणी नॉर्थ सास्काचेवान नदीतून हडसन उपसागराकडे जातं, उत्तरेचं अथाबास्कातून आर्क्टिककडे. कोलंबिया हिमक्षेत्राच्या स्नो डोम शिखरावरून तर तिसरा वाटा पॅसिफिकलाही मिळतो. तेरा वर्षांच्या मुलाला नकाशा हातात देऊन तिथे उभं करा.

अथाबास्का हिमनदीला निदान दोन तास द्या. पार्किंगपासून बर्फाच्या टोकाकडे जाताना वाटेत जागोजाग सालं लिहिलेल्या खुणा आहेत: त्या त्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता ते दाखवणाऱ्या. सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत चालताना ते अंतर पायांना कळतं. दोरीच्या पलीकडे जाऊ नका. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फात खोल भेगा असतात आणि त्यात माणसं दगावली आहेत. बर्फावर पाय ठेवायचाच असेल तर मोठ्या चाकांच्या बसची सहल घ्या, ती आई-बाबांनाही जमते. शंभर किलोमीटर पुढच्या जॅस्परला गेलात तर वाटेत सनवाप्टा आणि अथाबास्का असे दोन धबधबे लागतात. दुसरा उंचीला जेमतेम २३ मीटर, पण अख्खी नदी एका चिंचोळ्या फटीत कोंबली जाते. तिथून जॅस्परपर्यंत जळालेलं जंगल दिसेल. जुलै २०२४ च्या वणव्यात जॅस्पर गावातल्या ३५८ इमारती गेल्या. गाव सावरतंय, पण तुमच्या तारखांना काय काय चालू आहे ते निघण्याआधी बघा.

मोरेन लेक यादीत असेल तर एवढंच: २०२३ पासून तिथे खासगी गाड्यांना बंदी आहे, शटल बसचं तिकीट आधी काढायचं. लेक लुईझच्या काठावरही मोटरहोम नेण्याचा हट्ट नको, तीच शटल तिकडेही जाते.

फोनला पार्कवेवर बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशे आधी उतरवून ठेवा, सकाळी निघण्याआधी ५११ अल्बर्टा या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघा. पेट्रोल मध्ये एकाच ठिकाणी, सास्काचेवान क्रॉसिंगला मिळतं, तेही हंगामापुरतं आणि महाग. गाडी शंभर किलोमीटरला वीस ते पंचवीस लिटर पिते. लेक लुईझला आणि जॅस्परला टाकी भरून घ्या म्हणजे मधला पंप लागतच नाही. भरताना गॅसवर चालणारं सगळं बंद. फ्रिजही.

आता गाडीतलं जगणं. या महिन्यात रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि बर्फ पडू शकतो. हिटर प्रोपेन गॅसवर चालतो पण त्याचा पंखा गाडीच्या मागच्या बॅटरीवर, आणि वीज न जोडता रात्रभर तो चालला की पहाटे बॅटरी मान टाकते. म्हणून म्हटलं, आई-बाबा असताना विजेची जोडणी हवी. वीज असली की छोटा विजेचा हिटरही लावता येतो. गरम पाण्याची टाकी साधारण तेवीस लिटरची असते, म्हणजे बादलीहून जरा जास्त. सहाजणांच्या अंघोळी गाडीत होणार नाहीत, कॅम्पग्राउंडच्या बाथरूमला जा. गाडीतलं बाथरूम रात्रीसाठी आणि आईंच्या गुडघ्यांसाठी राखा.

मैल्याच्या टाकीला लोक फार बिचकतात. काम पाच मिनिटांचं आहे. हातमोजे घाला, डंप स्टेशनला (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) पाइप जोडा, आधी मैल्याची झडप उघडा, ती रिकामी झाल्यावर सांडपाण्याची, म्हणजे मागून आलेल्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. कॅम्पग्राउंडमध्ये उभं असताना मैल्याची झडप कधीही उघडी ठेवायची नाही. पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत सुकतं. सहाजणांना दर दुसऱ्या दिवशी हे करावं लागेल. कोण करणार ते घरीच ठरवून या.

स्वयंपाक होतो, झकास होतो. कॅल्गरीच्या ईशान्य भागात भारतीय किराणा सगळा मिळतो, नाशिकहून डाळ-तांदूळ आणू नका. प्रेशर कुकर मात्र आणा. दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. मिक्सर आणू नका, इथे वीज १२० व्होल्टची. फोडणी देताना छताचा पंखा आणि समोरची खिडकी उघडा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म ठणाणा करतो, आणि लोक चिडून त्याची बॅटरी काढून ठेवतात. गॅसवर आणि हिटरवर झोपणाऱ्या घरात हे करायचं नाही. हळदीचं बोट पांढऱ्या ओट्याला लागलं तर लगेच पुसा. वाळलेली हळद निघत नाही आणि सफाईचा आकार तुमच्या अनामत रकमेतून कापला जातो.

अन्न बाहेर ठेवायचं नाही, अगदी पाच मिनिटंही. ताट, कुकर, तेलाची बाटली, खरकटं पाणी, सगळं आत. उद्यानाचा नियम आहे आणि मोडला तर दंड होतो, पण खरं कारण अस्वलाचं आहे: माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. अस्वल, लांडगा दिसला तर शंभर मीटर, हरिण, मेंढी, एल्क (हे मोठ्या जातीचं हरिणच) यांच्यापासून तीस मीटर अंतर. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ आहे आणि जॅस्परच्या कॅम्पग्राउंडमध्ये नर एल्क चक्क गाड्यांमधून फिरतात. मुलांना एकटं बाथरूमला पाठवू नका. रस्त्यात अस्वल दिसलं की सगळे गाड्या थांबवतात. तुमची गाडी मोठी, मागच्यांना पलीकडचं काही दिसत नाही, तेव्हा तुम्ही हळू करून पुढे निघा.

स्वस्त पडेल का? बहुधा नाही. भाडं, किलोमीटरचा आकार, भांडी-पांघरुणांचे वेगळे पैसे, विमा, कॅम्पग्राउंड आणि पेट्रोल धरलं तर साधी गाडी आणि दोन खोल्या जवळपास तेवढ्यातच बसतात. उद्यानाचा पास कुटुंबाचा घ्या, एका गाडीतल्या सातजणांपर्यंत चालतो. मोटरहोम घ्यायची ती बाबांना दुपारी तळ्याकाठी स्वतःच्या पलंगावर पडता यावं आणि वरणभात गरम मिळावा म्हणून. ते महत्त्वाचं वाटत नसेल तर हॉटेल घ्या, रस्ता तोच आहे.

परत देण्याची वेळ सहसा सकाळची असते आणि उशीर झाला तर तासाला पैसे लागतात. आदल्या रात्री कॅल्गरीच्या जवळ मुक्काम करा, टाक्या रिकाम्या करून आणि पेट्रोल भरून या, आणि त्याच दुपारचं विमान घेऊ नका.